गारामाँचं पोलाद आणि आपलं भंगार

वर्डमध्ये फॉण्टची यादी उघडली की ‘गॅरामॉन्ड’ हे नाव हमखास सापडतं. लग्नपत्रिकेतल्या इंग्रजी मजकुरापासून विद्यापीठाच्या प्रबंधापर्यंत ते सर्रास वापरलं जातं. पण वर्डसोबत जो गॅरामॉन्ड येतो, त्याची अक्षरं पॅरिसच्या क्लोद गारामाँने कोरलेली नाहीत. ती झाँ झानों नावाच्या दुसऱ्याच कारागिराच्या अक्षरांवरून बेतलेली आहेत. गारामाँ १५६१ मध्ये वारला आणि झानों जन्मला १५८० मध्ये. म्हणजे एकाच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं, आणि ते आजही निघालेलं नाही.

ही चूक झाली कशी आणि उमगली कशी, हे बारकाईने पाहिलं की एका सार्वजनिक प्रश्नाचं उत्तर मिळतं. अक्षरं ज्यातून जन्मतात ती मूळ हत्यारं, म्हणजे पंच आणि मातृका, कोणाच्या ताब्यात असावीत? माझं म्हणणं स्पष्ट आहे. ती समाजाच्या मालकीची असावीत, नोंदीसकट असावीत आणि अभ्यासकाच्या हाती देता येतील अशा अवस्थेत असावीत. बाजारावर सोडली की ती किलोच्या भावाने जातात. सरकारने नुसती कुलुपात ठेवली आणि नोंद ठेवली नाही, तर खोटा इतिहास तयार होतो. या दोन्ही गोष्टी घडून गेलेल्या आहेत.

आधी हत्यारं समजून घेऊ, कारण ‘टाइप’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शिशाचा खिळा येतो. या साखळीत खिळा सगळ्यात शेवटचा. गारामाँसारखा कारागीर पोलादावर काम करायचा. पंच म्हणजे बोटभर लांबीचा पोलादी दांडा, त्याच्या टोकावर एक अक्षर उलटं आणि उठावदार कोरलेलं. दांडा तापवून सावकाश निवू द्यायचा, म्हणजे पोलाद मऊ पडतं. मग अक्षराच्या पोटातली पोकळी. ती कोरून काढण्यापेक्षा ठोकून काढणं सोपं आणि नेमकं. त्यासाठी आधी त्या पोकळीच्या आकाराचा एक वेगळा छोटा प्रतिपंच करतात, तो कडक करतात आणि पंचाच्या टोकावर ठोकतात. पोकळी उमटली की बाहेरची कड कानशीने आणि कोरणीने उतरवत न्यायची. रोमन लिपीतल्या ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ यांच्या पोटातली जागा सारखी दिसते ती यामुळे. एकच प्रतिपंच अनेक अक्षरांना चालतो.

मधूनमधून तपासायचं कसं? पंचाचं टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायचं, काजळी बसू द्यायची आणि कागदावर दाबायचं. हा काजळीचा ठसा छापील अक्षरापेक्षा स्वच्छ येतो, कारण त्यात शाई पसरत नाही. समाधान झालं की पंचाला पाणी द्यायचं. लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचं. इथे घात होतो. उष्णता असमान लागली तर अक्षराच्या बारीक रेषेलाच तडा जातो आणि दिवसाची मेहनत फुकट जाते. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा हलकं तापवून वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगावर आणायचं आणि तिथेच थांबायचं. ही पायरी चुकली तर हातोडीच्या पहिल्या घावात अक्षराचा कोपरा उडतो. जास्त तापलं तर टोक बसतं, अक्षर बोथट होतं.

तयार पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की मातृका मिळते, पण ती लगेच वापरता येत नाही. घावाने तांबं बाजूला फुगतं आणि तळही थोडा कलतो. ते घासून सगळ्या मातृकांमध्ये अक्षराची खोली एकसारखी करावी लागते, बाजू काटकोनात आणाव्या लागतात. केसभर फरक राहिला तरी एक खिळा उंच उभा राहतो आणि गडद छापतो, शेजारचा खुजा राहतो आणि फिका पडतो. तळ तिरपा राहिला तर अक्षराची एकच बाजू उमटते. मातृका मग हाताच्या साच्यात बसवायची. साचा दोन अर्ध्यांचा असतो. त्यात अक्षराची बॉडी, म्हणजे खिळ्याचं वरून खालपर्यंतचं माप, कायम राहते आणि रुंदी मात्र अक्षरागणिक सरकते. शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील यांचा रस ओतताना हाताला वर झटका द्यायचा, नाहीतर रस टोकापर्यंत पोचत नाही आणि अक्षर अर्धवट निघतं. लंडनचा जोसेफ मॉक्सन याने १६८३ मध्ये लिहून ठेवलंय की एक ओतारी दिवसाला साधारण चार हजार खिळे ओततो.

यातला हिशेब असा. खिळा छापून छापून झिजतो आणि पुन्हा वितळतो. मातृका पिढ्यान् पिढ्या चालते. पंच नीट ठेवला तर शतकं टिकतो, आणि एका पंचावरून अनेक मातृका काढता येतात. म्हणजे अक्षराचं बियाणं पंचात असतं. एका संपूर्ण लिपीसंचाचं हे बियाणं मावतं मात्र एका लहानशा पेटीत. जपायला जागा लागत नाही, आणि हरवायलाही वेळ लागत नाही.

गारामाँची कारकीर्द या बियाण्याच्या मालकीचीच गोष्ट आहे. तो ज्या पॅरिसमध्ये शिकला ते शहर छापणाऱ्यांना सुरक्षित नव्हतं. परंपरेने त्याचा गुरू मानला जाणारा आंत्वान ओजरो याला २४ डिसेंबर १५३४ रोजी धर्मद्रोहाच्या आरोपाखाली फाशी देऊन जाळण्यात आलं. पुढच्याच महिन्यात राजा पहिला फ्रान्स्वा याने छपाईवर सरसकट बंदी घातली. ती फार टिकली नाही, पण सत्ता कोणत्या थराला जाऊ शकते हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. आणि याच राजाच्या तिजोरीतून काही वर्षांनी गारामाँला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मिळालं.

२ नोव्हेंबर १५४० रोजी करार झाला. राजाच्या दरबारातला विद्वान प्येर द्यूशातेल आणि मुद्रक रॉबेर एस्तियेन यांच्या देखरेखीखाली गारामाँने ग्रीक अक्षरांचे पंच करायचे होते. नमुना होता आन्जेलो व्हर्जेचो या क्रीटच्या लेखनिकाचं हस्ताक्षर. पुढल्या वर्षी राजाज्ञेने २२५ लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देण्याचा आदेश निघाला. ‘राजाचे ग्रीक’ म्हणून ओळखले जाणारे हे तीन आकार १५४० ते १५५० या दहा वर्षांत पूर्ण झाले. मधला आकार आधी झाला, बायबलच्या ‘नव्या करारा’च्या १५४६ च्या आवृत्तीसाठी लहान, आणि त्याच्याच १५५० च्या मोठ्या आवृत्तीसाठी सर्वांत मोठा. व्हर्जेचोच्या वळणदार हातात अक्षरं एकमेकांत गुंफलेली असायची, म्हणून एकेका आकाराला जोडाक्षरांसह शेकडो पंच लागले. काही अक्षरांची शेपटी खिळ्याच्या बॉडीबाहेर लोंबती ठेवावी लागली. देवनागरीची वेलांटी ओतताना जो त्रास होतो, नेमका तोच गारामाँने पोलादात सोसला आहे.

माझ्या मते राजाने केलेली खरी मोठी गोष्ट पैसे देण्याच्या पुढची होती. पंच राज्याच्या मालकीचे राहिले. मातृकांवरून ओतलेली अक्षरं पॅरिसच्या इतर मुद्रकांनाही वापरता आली. अट एवढीच की पुस्तकावर ‘राजाच्या टाइपांनी’ असं लॅटिनमध्ये छापायचं. सार्वजनिक पैशाने झालेलं काम सार्वजनिक वापरात, आणि त्याचा उल्लेख बंधनकारक. सोळाव्या शतकाच्या मध्यावर ठरवलेली ही व्यवस्था आजही मला योग्य वाटते.

एस्तियेन पुढे धर्मशास्त्रज्ञांच्या छळाला कंटाळून १५५० च्या सुमारास जिनिव्हाला गेला आणि मातृकांचा एक संच घेऊन गेला. तो तिथे गहाण पडला. १६१९ मध्ये तेराव्या लुईच्या सरकारने तीन हजार लिव्र मोजून तो परत मिळवण्याचा हुकूम काढला. मूळ काम पूर्ण होऊन सत्तर वर्षं झाली होती, आणि राज्य एका परक्या शहरातून तांब्याचे तुकडे सोडवून आणत होतं. १७०० च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठाने हे ग्रीक टाइप मागितले, तेव्हा पॅरिसने उल्लेखाची जुनी अट पुन्हा घातली. केंब्रिजला ती मान्य झाली नाही आणि व्यवहार फिसकटला. केंब्रिजच्या वाचकांचं नुकसान झालं हे खरं, तरी पॅरिसचं चुकलं असं मला वाटत नाही. हे पंच आज फ्रान्सच्या राष्ट्रीय मुद्रणालयाकडे आहेत. १९४६ पासून त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे, किल्ल्यांना आणि चर्चना मिळतो तसाच.

राजाचं काम हातात असूनही गारामाँची स्वतःची आर्थिक घडी नीट बसली नाही. १५४५ मध्ये त्याने स्वतः प्रकाशक होऊन पाहिलं. त्या पुस्तकांच्या प्रस्तावनेत त्याने तक्रार मांडली की अक्षर कोरणाऱ्याच्या पदरी फारसं काही पडत नाही, नफा पुस्तकविक्रेते नेतात. प्रकाशनाचा प्रयोग थोड्याच पुस्तकांनंतर आटोपला. तो पुन्हा कोरण्याकडे वळला आणि मरेपर्यंत तेच करत राहिला.

त्याच्या मृत्यूनंतर रोमन अक्षरांचं काय झालं? राजाचे ग्रीक राज्याकडे होते, पण रोमन पंच त्याचे स्वतःचे होते. विधवेने ते विकले आणि ते अनेकांत वाटले गेले. मुद्रक आंद्रे वेशेल आणि टाइप कोरणारा ग्योम ल बे या व्यवहारात होते. मोठा वाटा गेला अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लान्तँकडे, काही फ्रांकफुर्टकडे. एका कारागिराचं आयुष्यभराचं काम तीन देशांत पांगलं. अशा वेळी काय टिकतं आणि काय हरवतं हे मालकाच्या सवयीवर ठरतं.

प्लान्तँची सवय उत्तम होती. तो यादी करायचा. कोणता टाइप, कोणाचा, किती पंच, किती मातृका, हे वेळोवेळी लिहून ठेवायचा. त्याच्या जावयाने, यान मोरेटसने, पुढे व्यवस्था केली की धंद्याची वाटणी होऊ द्यायची नाही, सगळा एका वारसाकडे जायचा. त्यामुळे तीनशे वर्षं ही हत्यारं एका घरात राहिली. १८७६ मध्ये घराण्याने ते घर, यंत्रं, दप्तर आणि हत्यारं अँटवर्प शहराला विकली आणि दुसऱ्या वर्षी तिथे संग्रहालय उघडलं. आज प्लान्तँ-मोरेटस संग्रहालयात चार हजारांवर पंच आणि पंधरा हजारांवर मातृका आहेत. २००५ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

फ्रांकफुर्टच्या कॉनराड बर्नरने आणखी एक साधी गोष्ट केली. १५९२ मध्ये त्याने आपल्या फाउंड्रीचा, म्हणजे टाइप ओतण्याच्या कारखान्याचा, नमुना-कागद छापला आणि टाइपांशेजारी कोरणाऱ्याची नावं घातली. रोमन अक्षरांशेजारी गारामाँ, तिरप्या अक्षरांशेजारी रोबेर ग्राँजों. त्याला गिऱ्हाईक मिळवायचं होतं, इतिहास लिहायचा नव्हता. पण १९२५ मध्ये जर्मनीतल्या स्टेम्पेल फाउंड्रीने गारामाँ नव्याने केला तो या कागदावरून. यान चिशोल्डचा १९६७ चा ‘साबोन’ही त्यावरूनच. आणि २०११ मध्ये गेओर्ग डुफ्नरने मुक्त परवान्यावर दिलेला ‘ईबी गॅरामॉन्ड’ याच कागदाचं नाव मिरवतो. त्यातलं ‘बी’ म्हणजे बर्नर.

आता पॅरिसचं पाहू. राष्ट्रीय मुद्रणालयाकडे एक जुना रोमन संच होता, ‘विद्यापीठाची अक्षरं’ या नावाने. त्यावर कोरणाऱ्याचं नाव नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी तो गारामाँचा मानला, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या सुमारास तो दिमाखात पुन्हा वापरात आला, आणि अमेरिकन व इंग्रज कंपन्यांनी त्यावरून ‘गॅरामॉन्ड’ बनवले. १९२२ चा मोनोटाइपचा गॅरामॉन्ड हा त्यातलाच, आणि वर्डमध्ये आहे तो हाच. १९२६ मध्ये बिआत्रिस वॉर्ड यांनी पॉल बोझों या टोपणनावाने लेख लिहून सिद्ध केलं की हा संच सेदानच्या झानोंचा आहे. पुरावा होता झानोंचा १६२१ चा नमुना, पॅरिसच्या माझारीन ग्रंथालयात सापडलेला. डोळ्यांनाही फरक दिसतो. झानोंच्या ‘एम’, ‘एन’, ‘आर’ यांच्या माथ्यावरचे काटे तीव्र उताराचे आणि खोलगट आहेत, ‘ए’चं पोट फार लहान आहे, आणि तिरप्या मोठ्या अक्षरांचा कल एकसारखा नाही. गारामाँच्या हातात ही अस्वस्थता नाही.

पॅरिसने पोलाद सांभाळलं, पण चिठ्ठी सांभाळली नाही. म्हणूनच मी म्हणतो की केवळ जतन पुरेसं नाही. प्रत्येक पेटीवर लिहिलेलं असलं पाहिजे की हे कोणी, कधी, कोणत्या आकारासाठी कोरलं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की फॉण्ट आता संगणकात होतात, जुनं लोखंड हवंय कशाला. छापील पुस्तकं आहेत, त्यांवरून अक्षर कळतं की. हे अर्धंच खरं आहे. छापील अक्षरात शाई पसरलेली असते, ओल्या कागदात खिळा रुतलेला असतो, कड जाड झालेली असते. त्यावरून बेतलेला फॉण्ट एकतर फुगतो किंवा करणाऱ्याच्या अंदाजाने बारीक होतो. पंचाच्या टोकावर खरी कड असते. मातृकेच्या बाजूंवरून कळतं की कारागिराने अक्षराच्या दोन्ही अंगांना किती हवा ठेवली होती, आणि वाचनसुख बरंचसं त्या हवेत असतं. ॲडोबीच्या गॅरामॉन्डसाठी रॉबर्ट स्लिमबाख अँटवर्पला जाऊन तिथलं मूळ साहित्य पाहून आले ते उगीच नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. फ्रेंच सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय मुद्रणालयाची पॅरिसमधली इमारत सुमारे साडेआठ कोटी युरोंना एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकली आणि २००७ मध्ये, दुरुस्तीनंतर, तीच इमारत सुमारे साडेसदतीस कोटींना परत घेतली. या उलाढालीत पंचांचा संग्रह आणि तिथली कार्यशाळा शहराबाहेर हलवावी लागली. तेव्हा पैसा नसतो असं नाही. दगडी इमारतीची किंमत करता येते, पंचाची करता येत नाही, म्हणून तो यादीत खाली जातो.

मराठीचा या गोष्टीशी संबंध दूरचा नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात छापखाना आणला तो १५५६ मध्ये, गारामाँ पॅरिसमध्ये हयात असताना. फादर थॉमस स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला लिहिलं की इथल्या लिपीसाठी आपल्या चोवीस अक्षरांऐवजी सहाशे साचे लागतील. ते झाले नाहीत, आणि त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. तेव्हा देवनागरीचे पंच कोरणारा कारागीर आणि त्याला पोसणारी तिजोरी मिळाली असती तर देवनागरीतल्या मराठी छपाईचा आरंभ दोनशे वर्षांनी अलीकडे सरकला नसता. १८०५ मध्ये विल्यम कॅरी या मिशनऱ्याचं मराठी व्याकरण देवनागरीत छापलं गेलं ते श्रीरामपूरला, बंगालमध्ये. पुढे मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या पंच कोरणाऱ्यांच्या हातून देवनागरीला जे वळण मिळालं ते मराठी आणि संस्कृत वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. ऑफसेट आणि संगणक आल्यावर महाराष्ट्रभरच्या छापखान्यांतले खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले. त्याच पोत्यांतून मातृकाही गेल्या, कारण तांब्याला भाव बरा येतो.

अजूनही गावोगावच्या बंद छापखान्यांत, जुन्या फाउंड्रीवाल्यांच्या माळ्यावर काही ना काही उरलेलं असतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिली गोष्ट करावी ती म्हणजे काहीही घासूपुसू नये. मातृकेचा दर्शनी भाग पितांबरीने चकचकीत केला की खोली बदलते आणि ती कायमची बाद होते. पंचांना यंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा, दमट भिंतीपासून लांब ठेवावं आणि टोकं एकमेकांवर आपटणार नाहीत असे उभे ठेवावेत. शिशाचे खिळे सागाच्या वा ओकच्या बंद खणात वर्षानुवर्षं राहिले की लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने त्यांवर पांढरी भुकटी धरते आणि अक्षर खाल्लं जातं. खण हवेशीर हवेत आणि भुकटी दिसली की ते खिळे वेगळे काढावेत, हाताला हातमोजे घालून, कारण ती भुकटी विषारी आहे. मातृका ज्या क्रमाने सापडतील त्याच क्रमाने सुतळीत ओवून ठेवाव्यात. तो क्रम म्हणजेच फाउंड्रीची नोंद असते. जवळ हातसाचा असेल तर तो वेगळा विकू नये. कोणती मातृका कोणत्या साच्यात बसते हे एकदा तुटलं की दोन्ही निरुपयोगी.

आणि राज्याने करायचं ते असं. भाषेच्या खात्याने, मराठीसाठी ज्या संस्था उभ्या आहेत त्यांच्यामार्फत, ही हत्यारं धातूच्या बाजारभावापेक्षा चांगल्या दराने विकत घ्यावीत. एवढ्याने भंगारवाला मागे हटतो. प्रत्येक पंचाचा काजळीचा ठसा, मोजमाप आणि छायाचित्र काढून ते मुक्त परवान्यावर सगळ्यांना द्यावं. त्यावरून कोणी फॉण्ट केला तर मूळ कारागिराचं नाव फॉण्टच्या माहितीत लिहिणं बंधनकारक असावं, राजाच्या ग्रीकांना होतं तसं. विंडोजवर ‘मंगल’ वाचत आलेल्यांपैकी किती जणांना र. कृ. जोशी हे नाव माहीत आहे? ते तर कालपरवाचं काम आहे.

देवनागरीच्या खिळ्यांत अशा काही युक्त्या आहेत ज्या छापील पानावर दिसतच नाहीत. अखंड पद्धतीत पूर्ण उंचीचा खिळा ओतायचा, डिग्री पद्धतीत मधलं अक्षर लहान बॉडीवर ठेवून वरच्या आणि खालच्या मात्रा वेगळ्या खिळ्यांनी जुळवायच्या. रफाराचा किंवा वेलांटीचा माथा बॉडीबाहेर लोंबता ठेवला की तो शेजारच्या अक्षरावर टेकतो, आणि टेकण्यासाठी शेजारच्या खिळ्याचा खांदा, म्हणजे अक्षराभोवतीची सपाट जागा, किती खोल उतरवायचा हे कारागिराने मातृकेतच ठरवलेलं असतं. छापलेल्या ‘कीर्ती’वर आपल्याला फक्त रेषा दिसतात. तो खांदा किती उतरवला होता ते तांब्यात लिहिलेलं आहे.